विषयाला धरून

वडीगोद्रीकडे सप्ताह बसला की शेवटच्या दिवशी काल्याचे कीर्तन होते, आणि काल्याच्या कीर्तनात बोवा कोणाला ना कोणाला बोलतातच. अभंग घेतलेला असतो कृष्णाचा आणि त्याच्या सवंगड्यांचा. पण दहीहंडीपर्यंत पोचायच्या आधी बोवा उसाच्या फडातून, मुलीच्या लग्नातल्या हुंड्यावरून आणि बांध कोरणाऱ्या भाऊबंदांच्या शेतातून एक लांब फेरी मारून येतात. अंबड तालुक्याच्या ह्या पट्ट्यात जायकवाडीचा कालवा आला, मागोमाग ऊस आला आणि उसामागोमाग पैसा आला. त्यामुळे अलीकडे बोवांना विषयांची वाण पडत नाही. ज्याने वर्गणीतला सर्वांत मोठा आकडा घातलेला असतो, तो बहुधा पहिल्याच रांगेत बसलेला असतो आणि बोवांचा रोखही बहुधा त्याच्याकडेच असतो. तो मान खाली घालून टाळी वाजवतो. "बोवा, अभंगाला धरून बोला," असे कोणी मध्येच उठून म्हटल्याचे मी आजवर ऐकलेले नाही.

हे मला वारंवार आठवते ते एका चिठ्ठीमुळे. पंचवीसएक वर्षांपूर्वी त्याच भागातील एका शाळेत मी मराठी शिकवीत होतो. शाळेत मुलांच्या चित्रांचे प्रदर्शन भरवायचे ठरले. प्रदर्शन म्हणजे काय, दोन वर्ग रिकामे केले, खिडकीच्या गजांना सुतळ्या बांधल्या आणि कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी त्यांवर चित्रे लावली. चित्रकलेचे सर आणि मी सकाळपासून त्याच कामात होतो. उद्घाटनाला तालुक्याहून पाहुणे आले. सूत्रसंचालन माझ्याकडे होते, आणि सरांनी दोन शब्द बोलावेत असे ठरले होते. एलिमेंटरी आणि इंटरमीजिएटच्या परीक्षांना किती मुले बसली, किती पास झाली हे ते सांगतील अशी सर्वांची समजूत. ते त्यांनी सांगितलेही. मग ते म्हणाले की चित्रकलेचा तास आता वेळापत्रकाच्या कागदावरच उरला आहे. त्या तासाला वर्गावर गणिताचे शिक्षक जातात. सुतळीवरची ही सगळी चित्रे मुलांनी मधल्या सुट्टीत, डबा अर्धा टाकून काढलेली आहेत. पुढच्या खुर्चीवरून एकदोन माना मागे वळल्या आणि माझ्याकडे पाहू लागल्या. मी खिशातला कागद काढला, त्यावर 'विषयाला धरून बोलावे, वेळ कमी आहे' असे लिहिले आणि शिपायाच्या हाती देऊन टेबलावर पोचवला. सरांनी चिठ्ठी वाचली, तिची होती तशी घडी केली, शर्टाच्या खिशात ठेवली, आणि चालू वाक्य अर्धे सोडून ते खाली बसले. टाळ्या झाल्या.

वेळ कमी नव्हता. त्यानंतर चहालाच पाऊण तास लागला.

पुढे कित्येक वर्षांनी, ८ फेब्रुवारी २०१९ रोजी मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात जे झाले त्याची बातमी वाचताना माझा हात आपसूक खिशाकडे गेला. त्या दिवशी प्रभाकर बरवे ह्यांच्या चित्रांच्या मोठ्या प्रदर्शनाचे उद्घाटन होते. बरवे हे १९३६ साली कुलाबा जिल्ह्यातल्या नागावात जन्मलेले चित्रकार. १९९५ साली ते गेले. घड्याळ, झाडाचे पान, पीस अशा घरातल्या आणि अंगणातल्या वस्तू ते घेत आणि कॅनव्हासवर अशा एकट्या ठेवीत की रोज हाताळलेली वस्तू आपण प्रथमच पाहतो आहोत असे वाटावे. चित्रकाराने स्वतःच्या विचारप्रक्रियेविषयी मराठीत लिहिलेली पुस्तके फार नाहीत. जी थोडी आहेत त्यांत त्यांचे १९९० साली निघालेले 'कोरा कॅनव्हास' आहे. अशा माणसाच्या प्रदर्शनाला बोलण्यासाठी अमोल पालेकर ह्यांना बोलावले होते. नट आणि दिग्दर्शक म्हणून ते घरोघर माहीत आहेत. पण त्यांचे शिक्षण जे. जे. कलाशाळेतले, चित्रकलेचे, आणि बरवे त्यांचे स्नेही.

पालेकर बोलायला उभे राहिले. बोलता बोलता त्यांनी ह्या संग्रहालयाच्या मुंबई आणि बंगळूर येथील शाखांचा विषय काढला. तेथे कोणती प्रदर्शने भरवावीत ह्याविषयी सल्ला देणाऱ्या स्थानिक कलावंतांच्या समित्या नोव्हेंबर २०१८ मध्ये संपुष्टात आल्या आहेत. बरव्यांचे हे प्रदर्शन त्या समितीने ठरवलेले शेवटचे प्रदर्शन आहे. यापुढचे निर्णय दिल्लीतून, मंत्रालयाकडून होतील असे आपण ऐकतो, असे त्यांचे म्हणणे होते. एवढे होते तोच त्यांना व्यासपीठावरून थांबवण्यात आले. बरव्यांविषयी बोला, प्रसंगाला धरून बोला, असे सांगण्यात आले. मी त्याविषयीच बोलतो आहे, त्यावर तुम्ही बंधन घालता आहात काय, अशा अर्थाचे त्यांनी विचारले. एक महिन्यापूर्वीच यवतमाळच्या साहित्य संमेलनाच्या उद्घाटनाला बोलावलेल्या नयनतारा सहगल ह्यांचे निमंत्रण आयत्या वेळी मागे घेण्यात आले होते. त्याचीही त्यांनी आठवण करून दिली. पुन्हा अडवण्यात आले. भाषण अपुरे ठेवून ते थांबले. ह्या प्रसंगाचे चलच्चित्र नंतर देशभर फिरले. आधी आमच्याशी बोलायला हवे होते, असे संग्रहालयाच्या संचालिकांनी आपल्याला म्हटले, हेही पालेकरांनी मागाहून सांगितले. समित्यांची मुदतच संपली होती, नव्या नेमल्या जातील, असा खुलासा संग्रहालयाच्या बाजूने झाला.

मला येथे पालेकरांचा कैवार घ्यावयाचा नाही. तो घेणारे त्या वेळी पुष्कळ निघाले, आणि उलट बाजूचेही निघाले. मला विचार करावयाचा आहे तो 'विषयाला धरून' ह्या तीन अक्षरी-चार अक्षरी शब्दांच्या जोडीचा, कारण ती जोडी मी स्वतः वापरलेली आहे.

चित्रांच्या घरात बोलण्याचे काम काय, हा प्रश्न प्रथम घ्यावा लागेल. जुन्या संग्रहालयात नाणे असते, ताम्रपट असतो, भग्न मूर्ती असते. खाली एक चिठ्ठी चिकटवलेली असते, तिच्यावर शतक लिहिलेले असते, आणि पाहणारा पुढे सरकतो. चालू काळाच्या कलेचे तसे होत नाही. तिचा कर्ता हयात असतो, निदान त्याचे मित्र हयात असतात, आणि पाहणारा गोंधळलेला असतो. म्हणून अशा ठिकाणी चित्रकाराचे व्याख्यान होते, त्याच्याबरोबर दालनातून फिरणे होते, शेवटी प्रश्नोत्तरे होतात. भायखळ्याचे भाऊ दाजी लाड संग्रहालय हे खरे तर जुने घर, त्याची इमारत १८७२ साली लोकांसाठी उघडली. पण २००८ साली दुरुस्त होऊन पुन्हा उघडल्यावर तेथेही आजच्या कलावंतांना बोलावून जुन्या संग्रहाच्या सान्निध्यात त्यांच्या कृती मांडण्याचा प्रघात पडला आहे. हे चांगलेच आहे. मात्र ह्या सगळ्या बोलण्यात एक मुद्दा गृहीत धरलेला असतो: बोलायचे ते चौकटीच्या आतल्या चित्राविषयी. रंग, रेषा, अवकाश, बालपण, प्रभाव. चौकटीला आधार देणारा खिळा, खिळा ज्या भिंतीत ठोकला ती भिंत, आणि भिंतीवर काय लागावे हे ठरवणारा माणूस ह्यांविषयी बोलणे म्हणजे विषयांतर.

पण ती भिंत मुकी नाही. मुंबईच्या त्या इमारतीचेच पाहा. १९११ साली जॉर्ज विटेटच्या आराखड्यावरून बांधलेला हा सर कावसजी जहांगीर सार्वजनिक सभागृह. नावातच सार्वजनिक हा शब्द. येथे गाण्याच्या मैफली झाल्या, राजकीय सभा झाल्या; मग शहरात वातानुकूलित सभागृहे निघाली आणि ह्याची रया गेली. कामगार संघटनांच्या बैठका, मुष्टियुद्धाचे सामने, लग्नाचे स्वागतसमारंभ, हातमागाच्या कापडाची विक्री, जो भाडे देईल त्याच्यासाठी दार उघडे. दिल्लीला जयपूर हाऊसमध्ये १९५४ सालीच राष्ट्रीय संग्रहालय निघाले होते. तसे मुंबईलाही हवे म्हणून पिलू पोचखानवाला ह्या शिल्पकार बाईंनी आणि केकू गांधी ह्यांच्यासारख्या कलाप्रेमींनी खटपट केली, आणि १९९६ च्या डिसेंबरात ह्याच इमारतीत संग्रहालय उघडले. पोचखानवालाबाई ते पाहायला उरल्या नव्हत्या. म्हणजे हे घर सरकारच्या मालकीचे असेल, पण ते उभे राहिले चित्रकार-शिल्पकारांच्या हट्टातून, आणि त्याचा मूळ धर्म माणसांनी जमून बोलण्याचा आहे. भिंतीवर काय लागावे हे ठरवण्यात येथल्या कलावंतांचा हात असावा की नसावा, हा प्रश्न त्याच भिंतीसमोर उभे राहून कोणी विचारला तर त्याने विषय सोडला असे म्हणता येईल काय?

आपल्याकडे औचित्य हा शब्द फार सैल वापरला जातो. औचित्य म्हणजे गप्प बसणे, असा त्याचा चालू व्यवहारातला अर्थ झाला आहे. अकराव्या शतकातला काश्मिरी पंडित क्षेमेंद्र ह्याने औचित्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. काव्यापुरतेच तो बोलतो हे खरे, पण औचित्याची त्याने जी सत्तावीस स्थाने सांगितली आहेत त्यांत देश आणि काल आहेत, तसे तत्त्व आणि सत्त्वही आहेत. आम्ही सूत्रसंचालक मंडळी देशकालापाशी थांबतो. हे ठिकाण नव्हे, ही वेळ नव्हे. तत्त्वाला जे शोभेल तेही औचित्यच, इथवर आमची यादी पोचत नाही.

आता दुसरी बाजू. ती मला मनापासून मांडता येते, कारण चिमटे लावता लावता माझी बोटे दुखली होती. समारंभ उभा करणाऱ्या माणसाला समारंभाविषयी जी माया असते ती पाहुण्याला असू शकत नाही. बरव्यांचे ते प्रदर्शन ज्यांनी जुळवले त्यांनी त्यांची चित्रे, त्यांच्या टिपणवह्या ह्यांवर दीर्घकाळ खपून ते काम केले होते. तो दिवस बरव्यांचा होता. चोवीस वर्षांपूर्वी गेलेल्या आणि हयातीत फारसा गाजावाजा न झालेल्या माणसाचा. आणि झाले काय? दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत बरव्यांचे नाव आले ते भांडणाच्या तपशिलात. प्रदर्शनातल्या एका तरी चित्राचे वर्णन मी त्या आठवड्यात वाचले काय, असे स्वतःला विचारले तर उत्तर नकारार्थी येते. मित्राच्या गौरवाच्या दिवशी मित्रच झाकला जावा, हे नुकसान लहान नाही. ज्याला ते लहान वाटते त्याने कधी कोणाचे प्रदर्शन भरवलेले नसावे.

पण हे नुकसान नेमके कशाने झाले? पालेकरांना त्यांची पाच-सात मिनिटे बोलू दिले असते तर बातमी कोपऱ्यात गेली असती. बोलण्याने नव्हे, अडवण्याने तो दिवस बरव्यांच्या हातून गेला. अडवणाऱ्याला हे त्या क्षणी दिसत नाही. त्याला पुढच्या रांगेतल्या वळलेल्या माना दिसतात.

ह्या मानांचेच खरे कोडे आहे. समारंभाचा यजमान कोण, हे आपण नीट ठरवलेले नसते. जून २०२४ मध्ये वडीगोद्रीचे नाव महाराष्ट्रभर झाले ते आरक्षणाच्या प्रश्नावर तेथे झालेल्या उपोषणाच्या मांडवामुळे. त्या मांडवात भाषणे झाली, आणि जवळच अंतरवाली सराटीच्या मांडवात झाली ती वेगळी. कोणाची बाजू खरी हा येथे प्रश्न नाही. मांडव ज्याचा, विषय त्याचा, हा न्याय दोन्हीकडे सरळ होता. दुसऱ्याच्या मांडवात जाऊन आपले म्हणणे मांडू, असा हक्क कोणी सांगितला नाही. कोणाच्या घरच्या बारशाला जाऊन त्याच्या भावकीतला दावा उकरून काढणाऱ्याला आपण शहाणा म्हणणार नाही. तेथे यजमान स्पष्ट असतो आणि त्याच्या अन्नाची एक आण असते. सप्ताहाचा मांडव तसा नसतो. तो वर्गणीचा असतो, म्हणून तो कोणा एकाचा नसतो. म्हणूनच मोठ्या आकड्याच्या धन्याला बोवा बोलू शकतात. लोकांच्या पैशावर चालणारे संग्रहालय किंवा शाळा ही ह्या दुसऱ्या जातीची. तेथे यजमान म्हणून मिरवणारे आम्ही सगळे, संचालक काय, पदाधिकारी काय, सूत्रसंचालक काय, पंगतीतले वाढपी आहोत. वाढप्याने पदार्थ कमीजास्त वाढावा. पण जेवायला कोणी बसावे आणि जेवताना काय बोलावे हे तो ठरवू लागला, तर पंगत कोणाची हे त्याला एकदा आठवून द्यावे लागते.

तरीही, वर्गणीचा मांडव झाला म्हणून कोणीही काहीही बोलावे असे मला म्हणता येणार नाही. उद्या कोणी बरव्यांच्या चित्रांसमोर उभा राहून आपल्या थकलेल्या पगाराविषयी बोलू लागला तर मी पुन्हा चिठ्ठी पाठवीन. मग भेद कोठे करायचा? १९७५ साली, आणीबाणीत, कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्ष दुर्गा भागवत ह्यांनी आजारी जयप्रकाश नारायण ह्यांच्यासाठी प्रार्थना करायला सांगितले. केंद्रीय मंत्री यशवंतराव चव्हाण त्या संमेलनाचे स्वागताध्यक्ष होते. एका राजकीय पुढाऱ्याच्या प्रकृतीचा साहित्याशी काय संबंध, असे तेव्हा म्हणता आले असते. आज ते अनुचित होते असे म्हणणारा सापडणार नाही. परंतु नंतर काळाने बाजू घेतली म्हणून ते योग्य, हे उत्तर मला पुरत नाही. काळाचा निकाल पुढे केव्हातरी लागतो. चिठ्ठी पाठवायची की नाही हे त्याच मिनिटाला ठरवावे लागते.

मला सुचते ते असे. बोललेले वाक्य दुसऱ्या ठिकाणी, दुसऱ्या श्रोत्यांसमोर तितकेच लागू पडत असेल, तर ते तेथे जाऊन बोलावे. पण ज्या वाक्याला हीच जागा आणि हेच श्रोते लागतात, ते येथेच बोलायला हवे. थकलेल्या पगाराचे वाक्य कचेरीत बोलता येते. समितीचे वाक्य, ती समिती ज्या भिंतींची काळजी वाहत होती त्या भिंतींत, आणि ज्यांची चित्रे त्या भिंतींवर यायची त्या चित्रकारांसमोर बोलले नाही, तर कोठे बोलायचे? दुर्गाबाईंचेही तसेच. जिथे लिहिणाऱ्यांचा मेळा भरला होता आणि ज्या राज्यात लिहिण्यावर पहारा होता, तिथे त्यांचे वाक्य आगंतुक नव्हते.

राहिला तो 'आधी आमच्याशी बोलायला हवे होते' हा आक्षेप. हा आक्षेप सभ्य आहे, आणि घरच्या माणसांत मी तोच पाळतो. पण खासगीत सांगितलेली गोष्ट अर्ज होते. तिच्यावर शेरा मारता येतो, ती फायलीत जाते. चारचौघांत सांगितलेली गोष्ट माहिती होते, आणि ती ज्यांच्यापासून राहून गेली होती ते लोक समोरच्या खुर्च्यांवर बसलेले असतात. आमच्या सरांचे तर मला पक्के ठाऊक होते. चित्रकलेच्या तासांबद्दल त्यांनी दोनदा लेखी अर्ज दिला होता. दुसऱ्या अर्जातले शुद्धलेखन मीच तपासून दिले होते. म्हणजे आधी बोलून झाले होते, त्याचे काय झाले हेही मला माहीत होते, आणि तरी मी चिठ्ठी लिहिली. त्या क्षणी माझ्या मनात ना देश होता ना काल. पुढच्या वर्षी माझी वेतनश्रेणी कायम व्हायची होती, एवढेच होते. औचित्य हा शब्द मला नंतर, घरी गेल्यावर सुचला.

मुंबईच्या बातमीनंतर तीन-चार दिवसांनी मी सरांना फोन केला. ते निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली होती. इकडच्या तिकडच्या चौकशा झाल्यावर मी विचारले,

"सर, त्या प्रदर्शनातली चिठ्ठी आठवते का?"

"न आठवायला काय झालं? अक्षर फार चांगलं होतं तुमचं. घाईत लिहूनही शिरोरेघ सरळ."

"तुमचं वाक्य अर्धं राहिलं होतं."

"राहिलं खरं. पण पुढं मला फार बोलायचं नव्हतंच. दोन वाक्यं होती. एक तासांचं, ते निम्मं झालं होतं. दुसरं आभाराचं होतं. खोल्या दिल्याबद्दल, आणि तुम्ही सकाळपासून राबलात त्याबद्दल."

मला काही बोलता येईना. मग त्यांनीच विचारले, बरव्यांचे प्रदर्शन अजून किती दिवस आहे, आणि रात्रीच्या गाडीने निघाले तर सकाळी किती वाजता मुंबईला पोचते. तिकिटे काढायचे काम मी माझ्याकडे घेतले.